लालच्या जागी हिरवी

आमच्या घरात टोमॅटो आणायला बाबांना कुणी पाठवत नाही. पाठवलं तर अर्धे कच्चे येतात. मिरच्यांचंही तेच. आई म्हणते, "यांचं सगळं लक्ष इंजिनात, भाजीत कुठून असायचं?" मीही तेच म्हणायचे आणि वर खदाखदा हसायचे. गुरुवारच्या बाजारात भाजीवाले हमादीकाका मला लांबूनच विचारायचे, "काय रिहाब, आज तू ना? मग बरं. उस्ताद आले असते तर मी सगळे कच्चे खपवले असते!"

उस्ताद म्हणजे माझे बाबा, लजहर. वाळवंटाच्या काठावरच्या आमच्या अख्ख्या दूझ गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. गाव संपून वाळू सुरू होते तिथेच आमचं गॅरेज आहे. वर पत्रा, बाजूला खजुराच्या झावळ्यांचं कुंपण. समोर क्वाड उभ्या असतात, त्या फुगीर टायरांच्या चारचाकी मोटारसायकली, परदेशी पाहुण्यांना वाळूत फिरवायच्या. वाळू कशातही शिरते, तशी ती क्वाडमध्येही शिरते, आणि मग गाडी बाबांकडे येते. बाबा सीट उचलतात, आत हात घालतात, बघतसुद्धा नाहीत. आभाळाकडे तोंड करून बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, "इथे आहे."

मला ते फार भारी वाटायचं. आणि जरा जुनाटही. खोटं कशाला बोलू?

कारण या वर्षी माझ्या डोक्यात हवा गेली होती. शाळेत मी बॅटरी, बल्ब आणि बटण घेऊन सगळ्या वर्गासमोर वीज कशी फिरते ते करून दाखवलं, आणि भौतिकच्या बाई म्हणाल्या, "याला म्हणतात समज!" त्याआधी मी वर्गात तोंडही उघडायची नाही. त्या दिवसानंतर मिटायचीच नाही. घरी, रस्त्यात, मावशीच्या मुलीच्या साखरपुड्यात, सगळीकडे मी लोकांना वीज शिकवत सुटले होते.

हिवाळ्याची सुट्टी लागली आणि बाबा चुलत्यांच्या बागेत खजूर उतरवायला गेले. गॅरेजची किल्ली माझ्याकडे. आमची स्वतःची एक क्वाड आहे, निळी. म्हातारी आहे, पण बाबांची लाडकी. मी तिची सीट उचलली आणि मला लाजच वाटली. आत काळ्या वायरींचं जंगल! कुठेही तुटलं की बाबा त्याच एका काळ्या वायरीचा तुकडा घालायचे, आणि प्रत्येक वायरीला बकरीच्या केसांचा मळकट दोरा गुंडाळून गाठी मारलेल्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे ओळीने तीन. जणू गाडी नाही, कुणाच्या तरी आजीचा तंबू दुरुस्त करून ठेवलाय.

मी कात्री घेतली.

दोन दिवस खपून मी सगळी वायरिंग नवी केली. बॅटरीतून येणारी लाल. गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली हिरवी. दिव्यांना आणि स्टार्टरला जाणारी काळी. ठिणगी बंद करणारी काळ्यावर पांढरी रेघ असलेली. पुस्तकात असतं अगदी तसं! प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून, वेणी घातल्यासारखं सरळ. किल्लीखालच्या चार भोकांच्या सॉकेटमध्ये चार रंग असे बसले होते की बघतच राहावं. गाठींचे दोरे झाडूने गोळा करून बाहेर टाकले.

बाबा परत आले, तेव्हा मी सीट उचलून नाटकातल्यासारखा हात पसरला. "बघा!"

बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग एका वायरीवरून बोट फिरवत गेले, पार टोकापर्यंत, आणि परत मागे.

"गाठी?"

"काढून टाकल्या. किती घाण झाल्या होत्या, बाबा! आता गाठींची गरजच काय? रंग आहेत ना!"

"हां," बाबा म्हणाले. "रंग आहेत." मग म्हणाले, "छान केलंस. सुंदर दिसतंय," आणि जाऊन हात धुऊन आले. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

मला वाटलं, खूश झाले. मी किती खूश होते म्हणून सांगू!

आता त्या शनिवारची गोष्ट. वाळूत पाहुण्यांची छावणी चालवणारे बलगासिमकाका आहेत. त्यांच्या सगळ्या क्वाडचं काम या मोसमात कुणाला द्यायचं ते त्यांना ठरवायचं होतं. एकीकडे बाबा. दुसरीकडे वनीस, गावात नवं गॅरेज टाकलेला, केसांना जेल चोपडलेला, रात्रीसुद्धा काळा चष्मा लावणारा. काम आम्हाला मिळालं नाही तर गॅरेज बंद करून बाबा लांब सफाक्स शहरात माझ्या मामाच्या साबणाच्या कारखान्यात जाणार हे घरात ठरून गेलं होतं. आई ते बोलायची नाही, पण मोठी पेटी तिने माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली होती.

बलगासिमकाका म्हणाले होते, "दोघंही आपापल्या गाड्या घेऊन पाहुण्यांबरोबर जुन्या विहिरीपर्यंत या. वाटेत जे होईल ते होईल. मला बघायचंय कोण कसं निस्तरतं."

मी हट्ट करून बाबांच्या मागे बसले. माझी वायरिंग होती ना! ती नीट चाललेली सगळ्यांनी बघायला नको?

जाताना काहीही झालं नाही. विहिरीपाशी थांबलो. छावणीच्या माणसाने निखाऱ्याखालच्या वाळूत भाकरी पुरली, चहा उकळत ठेवला. पाहुणे इटलीचे होते, भाकरी वाळूतून बाहेर निघाली तशा टाळ्या वाजवायला लागले. वनीस आपल्या गाडीवर पाय पसरून बसला होता.

"काय मॅडम," तो मला म्हणाला, "ऐकलं तू आता इंजिनियर झालीस?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण निळीची सगळी वायरिंग मी केलीय. बघायची आहे?"

"नको बाई. डोळे दिपतील."

"चष्मा आहे की तुमचा!"

बलगासिमकाका मोठ्याने हसले. मी हवेतच होते.

चहा झाला. सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या. बाबांनी निळीची किल्ली फिरवली.

काहीच नाही. दिवा नाही. स्टार्टरचं बटण दाबलं, टक्कसुद्धा नाही. बाबांनी किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली, दोनदा हलवली. मेलेली.

"आली का परीक्षा!" वनीस म्हणाला आणि आपली गाडी बंद करून उतरला. बलगासिमकाकाही आले. पाहुण्यांनी गोल केला. त्यातला एक तर फोन काढून फिल्म घ्यायला लागला.

बाबा शांत होते. बॅटरीची दोन्ही टोकं हलवून बघितली, घट्ट होती. फ्यूज काढून माझ्या हातात दिला. मी तो उन्हात धरला, आतली तार अख्खी होती. "चांगला आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"मग किल्लीत वाळू गेली," बाबा म्हणाले. त्यांनी किल्लीखालचं सॉकेट ओढून सुटं केलं. "किल्लीला बाजूला ठेवू. ती आत जे दोन जोडते, ते आपण बाहेर जोडू."

मला ते माहीत होतं. लाल आणि काळी. बॅटरीतून आलेली लाल, पुढे दिव्यांना आणि स्टार्टरला जाणारी काळी. ही दोन भोकं जोडली की किल्लीशिवायही गाडी जागी होते. फक्त लाल आणि हिरवी कधी जोडायची नाही. जाळच निघतो.

बाबांनी तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवला. एक टोक काळीच्या भोकात घातलं. दुसरं टोक हातात. आणि ते थांबले. त्यांचं बोट सॉकेटच्या मागे वायरींवरून सरकत गेलं. एका वायरीवरून. मग दुसरीवरून. मग पुन्हा पहिलीवरून. मग त्यांनी तार हिरवीच्या भोकाकडे नेली.

माझ्या तोंडून निघूनच गेलं. हसत, जोरात, सगळ्यांसमोर.

"बाबा, अहो ती हिरवी आहे! लाल घ्या, लाल!"

बाबांनी हात मागे घेतला. सॉकेट डोळ्यांजवळ नेलं. उन्हाकडे वळवलं. पुन्हा बोटं वायरींवरून गेली, मुळापासून टोकापर्यंत, आणि तेव्हा मला दिसलं की ती काय शोधतायत. गाठ. ती बोटं गाठ शोधत होती. आणि गाठी मी झाडूने गोळा करून बाहेर टाकल्या होत्या.

बाबांनी तार पुन्हा उचलली. पुन्हा हिरवीकडेच नेली.

टोमॅटो आठवले मला. मिरच्या आठवल्या. मी हट्टाने लाल मागितली असताना त्यांनी ईदला आणलेली हिरवी चप्पल आठवली. त्यावर मी किती दिवस हसले होते! पायाखालची वाळू सरकते असं म्हणतात, तिथे तर खरीच वाळू होती, पण सरकली नाही. तिने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं? हिरवी आणि काळी जोडून काहीच बिघडत नाही. गाडी सुरू झाली नसती एवढंच. बाबांनी तार उचलून शेजारच्या भोकात घातली असती, आणि आम्ही निघालो असतो. कुणाला पत्ताही लागला नसता. इतकी वर्षं लागला नव्हता तसा.

"उस्ताद?" वनीस हळूच म्हणाला. चष्मा वर सरकवला. "लाल म्हणतेय ती. तुम्ही दुसऱ्यांदा हिरवी धरलीत." मग बलगासिमकाकांकडे वळून, "काका, उस्तादांना लाल-हिरवं कळत नाही की काय?"

बलगासिमकाका बाबांच्या हाताकडे बघत होते. बाबांच्या मानेवरची शीर उडत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही.

"अय्या!" मी ओरडले. कपाळावर हात मारून घेतला, चांगला आवाज येईल असा. "अहो थांबा, थांबा! मीच विसरले. बाबा बरोबर आहेत!"

"काय बरोबर?" वनीस.

"माझी लाल वायर संपली होती ना. मग मी... मी लालच्या जागीही हिरवीच ओढली. बाबांना सांगितलं होतं मी. त्यांच्या लक्षात राहिलं आणि माझ्याच नाही! सरका बाबा, माझाच घोळ आहे, मी करते."

आणि कुणी सॉकेट वाकून बघायच्या आत मी त्यावर पडलेच जवळजवळ. डोक्याचा रुमाल सुटून पुढे आला, बरं झालं. रुमालाची पिन काढली, वाकवली, आणि त्या पडद्याआड एक टोक लालमध्ये, एक टोक काळीमध्ये. दिवा लागला. मी न बघताच बटण दाबलं. निळी खोकली, आणि सुरू झाली.

लाल वायर मी आत बोटभर ढकलून वर चिकटपट्टी गुंडाळली. तिच्यावर हात दाबूनच ठेवला. लोकांना वाटलं लाजेने. ते खरंही होतं.

मग जे हसू फुटलं! वनीस तर गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. "लालच्या जागी हिरवी! म्हणजे दोन्ही हिरव्या! अगं, कुणीतरी जळून मेलं असतं! हेच शिकवतात का शाळेत?" पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, पण तेही हसले. फोनवाल्याने फोन माझ्या तोंडाकडे फिरवला. मी मान खाली घातली. आत्ता गळा काढून सांगावंसं वाटत होतं की माझी वायरिंग एक नंबर आहे, एकही रंग चुकलेला नाही, या, बघा! ओठ चावून उभी राहिले.

छावणीत पोचल्यावर बलगासिमकाका बाबांना म्हणाले, "उस्ताद, तुझ्या पोरीने घातलेला घोळ तुझ्या ध्यानात होता, तिच्याच नव्हता. मला असाच माणूस पाहिजे. काम तुझं. पण एक अट. या पोरीचा हात माझ्या एकाही गाडीला लागता कामा नये."

बाबा काही बोलायला तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "नाही लागणार, काका."

"आणि मी उद्या सकाळी येतो," वनीस म्हणाला. काम गेलं म्हणून त्याचं तोंड कडू झालं होतं, पण हसू काही थांबत नव्हतं. "दोन हिरव्यांचा फोटो काढायचाय. पोरांना दाखवेन, असं करू नका म्हणून."

घरापर्यंत मी मागे बसून बाबांच्या कोटाची शिवण बघत होते. काम मिळालंय हे कळल्यावर आईने पेटी उचलून परत माळ्यावर टाकली. तरी दोघांची तोंडं अशी का, ते तिने एकदम विचारलं नाही. कुस्कुसचं भांडं खाली ठेवलं आणि वाट बघत बसली.

"कधीपासून?" मी बाबांना विचारलं.

"काय कधीपासून?"

"तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं की. तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं. फक्त लाल आणि हिरवा एकमेकांचे कपडे घालून येतात." बाबांनी चमचा उचलला आणि परत ठेवला. "लहानपणी उंटांच्या दोरांना गाठी मारायचो. माझा भाऊ रंगावरून ओळखायचा, मी गाठीवरून. मला वाटायचं, सगळे असेच करतात."

"आई, तुला माहीत होतं?"

"लग्नातच कळलं," आई म्हणाली. "माझ्या लाल शालीला म्हणाले, हा हिरवा रंग तुला शोभतो. मी म्हटलं, असू दे. शोभतो म्हणाले ना!"

मला हसू आलं, आणि त्याच श्वासात रडू. "मग मला का नाही सांगितलं? मी वायरिंग दाखवली तेव्हा तरी?"

बाबांनी भांडं माझ्याकडे सरकवलं.

"तू इतकी नाचत होतीस," ते म्हणाले.

त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर चाललं असतं.

जेवण झालं नाही कुणाचंच. बाबा उठले. "चल. उजेड आहे तोवर."

"कुठे?"

"खोटं बोललीस ना? मग ते अर्धवट ठेवून कसं चालेल? उद्या तो फोटो काढायला येतोय. लालच्या जागी लालच सापडली तर?"

गॅरेजमध्ये मी निळीची सीट उचलली. चिकटपट्टी काढली. माझी लाल वायर बॅटरीपासून किल्लीपर्यंत एका रेषेत गेलेली होती, कुठेही सुरकुती नाही. तिच्या पट्ट्या मी एकेक करून कापल्या. ती ओढून काढली. आणि तिच्या जागी हिरवी घातली. वाईट काम मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मन लावून केलं. अंधार पडला तसा बाबांनी कंदील धरला, मध्येच म्हणाले, "इथे जरा वाकडी कर. घाईत केल्यासारखी."

झालं. सॉकेटच्या मागून दोन हिरव्या बाहेर आल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत वीज, दुसरीत नाही. मी डोळे फाडफाडून बघितलं. मलाही कळेना कुठली कुठली.

"आता?" मी म्हटलं.

बाबांनी खिशातून बकरीच्या केसांचा दोरा काढला. माझ्याकडे दिला.

"पण गाठी बघून वनीस विचारेल!"

"विचारू दे. दोन्ही हिरव्या असल्यावर गाठ मारावीच लागते. डोळसालासुद्धा." ते किंचित हसले. "विजेची आहे तिला एक. अंगाची आहे तिला दोन. घट्ट ओढ. बोटाला लागली पाहिजे."

मी मारल्या. मग काळीलाही तीन. बाबांनी आभाळाकडे तोंड करून आत हात घातला, चाचपलं, आणि म्हणाले, "हां. इथे आहे."

सकाळी वनीस आला. फोटो काढला, एक गाडीचा, एक मला गाडीशेजारी उभं करून. गाठी बघून म्हणाला, "हे काय?"

"पोरीने घोळ घातल्यावर ओळखायचं कसं मग?" बाबा म्हणाले, पान्याने काहीतरी आवळत, मान वर न करता.

"उस्ताद, तुमच्या धीराची कमाल आहे," वनीस म्हणाला. "माझी पोर असती तर मी..."

"माझी आहे," बाबा म्हणाले. पाना घसरला त्यांचा.

तो फोटो आता दूझभर फिरलाय. शाळेतसुद्धा पोचला. भौतिकच्या बाईंनी तो बघितला आणि मग नुसतं माझ्याकडे बघितलं. वर्गात माझं नाव 'दोन हिरव्या' पडलंय. ते मला झोंबतं, पण ते मी गिळते. जे गिळता येत नाही ते वेगळंच आहे. विहिरीपाशी सगळ्यांसमोर हसत ओरडलेला माझा स्वतःचा आवाज. 'बाबा, अहो ती हिरवी आहे!' तो कधीही येतो, दात घासतानासुद्धा, आणि मी थुंकायचं विसरते.

परवाच्या गुरुवारी बाजारात गेले. हमादीकाकांनी मला लांबूनच बघितलं. टोमॅटोच्या ढिगातून एक पिकलेला आणि एक कच्चा उचलून दोन्ही हातांत नाचवायला लागले. आजूबाजूच्या बायका थांबून बघू लागल्या.

"सांग रिहाब, लाल कुठला?"

मी दोन्ही टोमॅटो बघितले. मग मान खाली घातली.

"काका, तुम्हीच द्या निवडून," मी म्हटलं. "आमच्या घरात तो गोंधळ माझाच आहे."